मॅट बदलली तरी गाडीतला कुबट वास जात नाही: पाणी कुठून येतं, ते कसं शोधायचं आणि मॅट कुठली घ्यायची

तक्रार दर पावसाळ्यात तीच. चांगले पैसे मोजून ऑल-वेदर मॅट्स टाकल्या, तरी जुलै अर्धा सरतो तोवर गाडीचं दार उघडलं की कुबट वास येतो. सकाळी काचा आतून धुरकटलेल्या असतात. मॅट उचलून बघितली तर खालचं कार्पेट ओलसर. मग मॅटखाली वर्तमानपत्र, डॅशबोर्डवर परफ्यूमची बाटली, आणि पुढच्या जूनमध्ये आणखी महागाची मॅट. आमच्या सोसायटीत आणि ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या मित्रमंडळींत हा विषय इतक्यांदा निघतो की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

मॅट एकाच वाटेचं पाणी अडवते: चपला-बुटांवरून, छत्रीवरून, रेनकोटवरून ठिबकणारं. गाडीत पाणी शिरायच्या आणखी पाच-सहा वाटा आहेत, आणि ते सगळं पाणी मॅटच्या खाली येतं. मॅट जितकी घट्ट आणि जलरोधक, तितकं हे खालचं पाणी जास्त दिवस लपून राहतं, कारण त्याला वर उडून जायला जागाच नसते. म्हणून मॅटच्या दुकानात जाण्याआधी पाणी वरचं आहे की खालचं, याचा निकाल लावा.

निकाल लावायची रीत साधी आहे. चारही जागच्या मॅट्स काढा, कार्पेट जमेल तितकं कोरडं करा, प्रत्येक जागी वर्तमानपत्राचा एकेक कागद अंथरा आणि मॅट्स परत ठेवा. दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी वापरा आणि मग कागद बघा. मॅटवर पाणी साचलेलं आणि कागद कोरडा असेल तर तुमची मॅट काम करतेय, तुम्ही फक्त ती रिकामी करायला हवी. मॅट कोरडी आणि कागद ओला असेल तर मॅटचा काही दोष नाही. कागद फक्त कडेला ओला असेल तर मॅट आकाराने तोकडी आहे, पाणी काठावरून उतरतंय.

यात एक फसगत होते. कार्पेटवर नुसता हात फिरवून काही कळत नाही. वरच्या कार्पेटखाली आवाज दाबण्यासाठी फेल्टचा किंवा फोमचा जाड थर असतो आणि त्याखाली थेट पत्रा. वरचा धागा एसीच्या हवेने सुकतो, खालचा थर मात्र पाणी धरून बसतो. मूठ करून जोरात दाबा आणि वर टिश्यू पेपर ठेवा. ओल उमटली तर खालचा थर भिजलेला आहे. त्या थरातूनच वास येतो, सकाळच्या धुरकट काचाही त्याच्यामुळेच. वाशी, ऐरोली, बेलापूरसारख्या खाडीकाठच्या खारट हवेत पत्र्यालाही त्याचा त्रास होतो.

कागद कुठे ओला झाला, त्यावरून पुढचा शोध.

डावीकडे पुढे, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी ओल असेल तर पहिला संशय एसीवर घ्या. आपल्या हवेत हे सगळ्यात जास्त वेळा आढळतं. एसीच्या थंड कॉइलवर हवेतल्या वाफेचं पाणी होतं आणि ते एका रबरी नळीतून गाडीखाली पडतं. पावसाळ्यातल्या दमट हवेत तासाभरात लिटरभर पाणी सहज निघतं. नळीत धूळ-माती बसली, पानं अडकली किंवा कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं, की हेच पाणी उलटं आत उतरतं. नेरूळला राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. रोज ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये एसी चालू. पाऊस असो वा नसो, शेजारच्या सीटखाली ओल. त्यांनी दाराचं रबर बदलून घेतलं, मॅट बदलली. शेवटी गॅरेजवाल्याने गाडी वर घेतली, खालून नळीत हलका हवेचा झोत मारला आणि चहाच्या किटलीएवढं गढूळ पाणी बाहेर आलं. "काकू, पाऊस नाही हा, तुमचा एसी आहे," तो म्हणाला.

हे घरी तपासता येतं. गाडी कोरड्या जागी, स्टिल्टखाली उभी करा. बेसमेंट असेल तर इंजिन चालू ठेवून तिथे थांबू नका, गाडी मोकळ्या हवेत आणा. एसी पंधरा-वीस मिनिटं चालवा. गाडीच्या पुढच्या भागाखाली पाण्याचं थारोळं दिसलं पाहिजे. एसी थंड करतोय, तरी दमट दिवशी एक थेंबही पडत नसेल तर बहुतेक नळी तुंबली आहे. नळीत तार खुपसू नका, ती फाटली किंवा आतून निसटली तर डॅशबोर्ड उतरवायची पाळी येते. गॅरेजमध्ये हे काही मिनिटांचं काम आहे. ते पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट धुकं धरत असेल तर मात्र ते एसीचं नाही. तो हीटरमधून गळणारा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव आहे, त्यासाठी गाडी लगेच दाखवा.

फक्त पावसातच, आणि पुढेच ओल येत असेल तर वायपरखालची काळी जाळी बघा. समोरच्या काचेवरून ओघळणारं पाणी त्या जाळीतून खालच्या पन्हाळीत जातं आणि दोन्ही कडांनी बाहेर पडतं. आपल्याकडे गाड्या गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्षाखाली लागतात. त्यांची बारीक पानं जाळीच्या फटीतून सुखाने आत जातात, पाकळ्यांचा तर लगदाच होतो. पन्हाळ तुंबली की पाण्याची पातळी चढते आणि एसीला बाहेरची हवा घेणाऱ्या तोंडातून ते थेट आत येतं. मे महिन्याच्या शेवटी बोनेट उघडून हाताने पानं काढा आणि तांब्याभर पाणी ओतून ते दोन्ही बाजूंनी खाली पडतं का बघा. पर्जन्यवृक्षाखाली जागा असलेल्यांनी हे पावसाळ्यातही मधून मधून करावं.

दाराच्या उंबऱ्याला लागून ओल असेल तर लोक लगेच दाराच्या रबराला दोष देतात. रबर फाटलं असेल, चेपलं असेल तर तेही बघा. पण पुष्कळांना ठाऊक नसतं की दाराच्या आत पाणी जाणं अगदी नेहमीचं आहे. काचेच्या फटीतून ते दारात उतरतं आणि दाराच्या तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. दाराचा आतला प्लास्टिकचा भाग आणि पत्रा यांच्यामध्ये एक पातळ प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, तो हे पाणी आत येऊ देत नाही. बाहेरच्या दुकानातून स्पीकर बसवून घेतले, पॉवर विंडो दुरुस्त करून घेतली, की हा पडदा अर्धवट सोलून तसाच सोडलेला असतो. स्पीकर घातल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात ओल सुरू झाली असेल तर मी दुसरीकडे शोधत बसणार नाही, सरळ दाराचा आतला प्लास्टिकचा भाग (ट्रिम) उघडायला सांगेन. दार उघड-बंद करताना आत पाणी डचमळल्याचा आवाज येत असेल तर तळाची भोकं बुजली आहेत. दातकोरणीने मोकळी होतात.

सनरूफवाल्यांसाठी वेगळी सूचना. सनरूफ पूर्ण जलरोधक नसतोच. त्याच्या चौकटीत पाणी यायचंच, आणि कोपऱ्यातल्या नळ्यांतून ते खांबांमधून खाली जायचं. छताचं कापड खांबापाशी डागाळलेलं दिसलं, किंवा सीटबेल्ट वरच्या बाजूला ओला लागला, की नळी तुंबलीय असं समजा. सनरूफ उघडून कोपऱ्यात थोडं थोडं पाणी ओता, ते गाडीखाली टपकलं पाहिजे. या नळ्यांत जोराची हवा मारू देऊ नका, त्या आतल्या आत सांध्यातून सुटतात.

मागच्या बाजूला ओल असेल तर डिकीचं रबर, मागच्या दिव्यांचं पॅकिंग आणि स्टेपनीचा खड्डा बघा. खड्ड्यात पाणी साचलेलं बहुतेकांना वर्षभर कळत नाही.

उरलं तुंबलेल्या रस्त्याचं पाणी. ठाण्यात वंदना डेपोच्या परिसरात जोराचा पाऊस झाला की काय होतं ते नव्याने सांगायला नको. गाडीच्या तळाच्या पत्र्याला कारखान्यातच भोकं असतात, त्यांना रबरी बुचं बसवलेली असतात. एखादं बूच निसटलं की पाणी खालून येतं. त्याची खूण म्हणजे बारीक गाळ आणि गटाराचा वास. अशा पाण्यात कार्पेट भिजलं असेल तर परफ्यूमच्या भानगडीत पडू नका, कार्पेट काढून धुऊनच घ्यावं लागतं.

कारण सापडलं, दुरुस्त झालं, आता सुकवण्याचं काम. इथे घाई केली की सगळं मुसळ केरात. ओला थर सुकवल्याशिवाय वर नवी मॅट टाकणं म्हणजे ओली चादर घडी घालून कपाटात ठेवणं. आधी ओलं-सुकं दोन्ही खेचणाऱ्या व्हॅक्यूमने जितकं पाणी निघेल तितकं काढा. वॉशिंग सेंटरवर हा व्हॅक्यूम असतो. मग उंबऱ्याची पट्टी काढून कार्पेटची कड उचला, खाली काहीतरी टेकू द्या आणि टेबल फॅनचा वारा सोडा. पावसाळ्यात नुसत्या काचा उघड्या ठेवून काही सुकत नाही, बाहेरची हवाच ओली असते. त्यापेक्षा गाडी चालवताना एसी आणि हीटर एकत्र लावून झोत पायाकडे घ्या. एसी हवेतली ओल काढतो, हीटर ती कोरडी हवा गरम करतो. खाण्याचा सोडा वासाला थोडा उतार देतो, पाणी काढत नाही. सीट काढायची वेळ आली तर खालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका. त्या एअरबॅगच्या वायरी असतात, ते काम जाणत्याकडून करून घ्या.

आता मॅट.

माझी निवड आधीच सांगतो: आपल्या पावसाला टीपीईची, गाडीच्या मॉडेलनुसार साच्यात काढलेली, उंच काठाची मॅट. टीपीई (थर्मोप्लास्टिक इलास्टोमर) हे एक प्रकारचं प्लास्टिक, रबरासारखं लवचीक असतं, वजनाला हलकं आणि फारसा वास न येणारं. स्वस्त पीव्हीसीची मॅट उन्हात तापली की वास सोडते आणि काही वर्षांत कडक होऊन तिच्या कडा वळतात. जाड अस्सल रबर टिकतं छान, पण जड असतं. हे वजन फालतू वाटेल, पण पावसाळ्यात मॅट रोज उचलून झटकायची आहे. जी मॅट एका हाताने निघत नाही, ती दुसऱ्या आठवड्यापासून कोणी काढत नाही.

सध्या दुकानदार सगळ्यात आधी दाखवतो ती सेव्हन-डी मॅट. फोमवर लेदरसारखं कापड, चौकटीची शिलाई, दाराच्या उंबऱ्यापर्यंत चढलेली. दिसायला देखणी, झाकतेही खूप. पण त्या शिलाईला असंख्य भोकं असतात आणि आत फोम असतो. पाणी भोकातून फोममध्ये आणि तिथून खाली जातं. शिवाय ती सीटच्या फटीत इतकी घट्ट कोंबून बसवलेली असते की कार्पेट महिनोन्महिने बघितलंच जात नाही. तिच्यावर टाकलेली शेवयांसारखी नूडल मॅट माती छान लपवते. खालून पाठ नसेल तर तिच्यातून पाणी सरळ आरपार जातं, पाठ असेल तर साचून राहतं आणि वरून दिसत नाही. कोरड्या गावी राहणाऱ्याने सेव्हन-डी खुशाल घ्यावी. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या ठाण्यात मी ती कोणाला सुचवत नाही. मधमाशांच्या पोळ्यासारखी खोलगट नक्षी असलेली ईव्हीए (फोमसारखं प्लास्टिक) मॅट हा मधला पर्याय. हलकी असते, प्रत्येक खणात थोडं पाणी धरते, स्वस्तही पडते. फक्त तिचा काठ बहुधा बुटका असतो, तेवढं बघून घ्या.

काठाचा हिशेब सोपा आहे. साठ बाय पन्नास सेंटिमीटरच्या मॅटमध्ये एक सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तर ते तीन लिटर होतं. बुटांवरून एवढं पाणी एका वेळी येत नाही, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटरचा काठ भरपूर झाला. तरी पाणी सांडतं, कारण गाडी उतारावर उभी असते, वळणावर झुकते, ब्रेकवर पुढे येते. म्हणून नुसत्या काठापेक्षा मॅटच्या पृष्ठभागावर खोल पन्हाळी असलेली बरी. पाणी त्यात अडकून राहतं, हिंदकळत नाही, आणि टाचही ओल्यात बुडत नाही. 'युनिव्हर्सल, कापून बसवा' अशी मॅट याच कारणाने नको. कापताना सगळ्यात आधी काठच जातो.

दुकानात जाताना पाण्याची बाटली बरोबर न्या. मॅट जमिनीवर ठेवून त्यात पेलाभर पाणी ओता, एक कड थोडी उचला आणि पाणी काठावरून सांडतं का बघा. कोपरा दुमडून सोडा, पांढरी घडी उरली तर माल हलका आहे. नाकाजवळ धरून वास येतो का बघा. आणि मुख्य म्हणजे, ती तुमच्या गाडीत बसवून दाखवायला सांगा. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकच्या ड्रायव्हरच्या बाजूच्या मॅटचा आकार वेगळा असू शकतो, फेसलिफ्टनंतरही (कंपनीने त्याच मॉडेलचं रूप बदलल्यावर) बदलतो. "साहेब, सगळ्यांना बसते" या वाक्यावर विश्वास ठेवू नका.

हे मी कटकट म्हणून सांगत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सँटी इथे एका लेक्सस ईएस ३५० चा अपघात होऊन गाडीतले चारही जण गेले. गाडीत दुसऱ्या मॉडेलची, एका एसयूव्हीची ऑल-वेदर मॅट टाकलेली होती आणि अॅक्सिलरेटर तिच्यात अडकला होता. त्यानंतर टोयोटाने मॅटच्या प्रश्नावरून तिथल्या सुमारे ३८ लाख गाड्या परत बोलावल्या. ऑल-वेदर मॅट जाड आणि ताठ असते, म्हणूनच तिच्या कडेत पेडल अडकण्याचा धोका साध्या कापडी मॅटपेक्षा जास्त.

म्हणून ड्रायव्हरच्या बाजूला एकच मॅट. जुनीवर नवी नाही, सेव्हन-डीवर नूडल नाही, पावसाळ्यापुरतं वरून टाकलेलं प्लास्टिक किंवा गोणपाट तर मुळीच नाही. गाडीच्या फरशीला कंपनीने दिलेले हुक किंवा फिरवायचे खिळे असतात, मॅटची भोकं त्यांच्यावर नेमकी आली पाहिजेत. मग इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल शेवटपर्यंत दाबा आणि सोडा. सीट मागे सरकवून टाचेने मॅट पुढे ढकलून बघा. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना मॅटची कड त्याला शिवत असेल तर ती मॅट परत करा, कापून जमवू नका. पाम बीच रोडवर भरधाव असताना हा शोध लागण्यापेक्षा दुकानासमोर लागलेला बरा.

मागच्या सीटसाठी मधल्या उंचवट्यावरून जाणारी अखंड मॅट घ्या. तीन तुकड्यांच्या सांध्यातून पाणी हमखास जातं, आणि मागेच पोरांचे रेनकोट, दप्तरं आणि निथळणाऱ्या छत्र्या असतात. छत्रीसाठी दाराच्या कप्प्यात एक लांब प्लास्टिकची पिशवी ठेवली तर मॅटचं निम्मं काम वाचतं. डिकीतही ट्रेसारखी मॅट जरूर टाका. रविवारी मासळी बाजारातून आणलेल्या पापलेटच्या पिशवीचं पाणी डिकीच्या कार्पेटमध्ये जिरलं, तर वर सांगितलेला एकही उपाय कामाला येत नाही.

रोजचं काम एवढंच: गाडी लावली की मॅट काठावरून पाणी न सांडता उचलायची, बाहेर रिकामी करायची, खालच्या कार्पेटवर तळहात दाबून बघायचा. आठवड्यातून एकदा ब्रशने आणि भांड्याच्या साबणाने धुवा, आणि दोन्ही बाजू कोरड्या झाल्यावरच परत ठेवा. मागची बाजू ओली ठेवून बसवली की तुम्हीच खाली पाणी कोंडता. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळ्या मॅट्स काढून, दारं उघडी ठेवून गाडीचं कार्पेट एक पूर्ण दुपार तापू द्या.

वॉशिंग सेंटरवाला धुतल्यावर मॅटला चमक यावी म्हणून टायरचं पॉलिश मारतो, त्याला आधीच नको म्हणून सांगा. त्याने मॅट निसरडी होते आणि ओल्या चपलेचा पाय ब्रेकवर जाताना घसरतो. मारून झालंच असेल तर साबणाने दोनदा घासून काढा आणि मगच गाडी चालवा.